जाऊ द्या ना सर, लहान मुलं आहेत

हे वाक्य मी गेल्या सहा-सात वर्षांत किती वेळा ऐकलंय त्याचा हिशोबच नाही. शाळा-कॉलेजच्या रोबोटिक्स स्पर्धांना मी व्हॉलंटियर म्हणून जातो, बहुतेक वेळा इन्स्पेक्शनच्या टेबलावर असतो, म्हणजे रोबोट मैदानात उतरायच्या आधी तो नियमात बसतो का हे बघायचं काम. साइज किती, मोटरी किती, बॅटरी कुठली, वायर उघडी आहे का, कुठे धारदार टोक बाहेर आलंय का. बिनपैशाचं काम आहे, एक टी-शर्ट मिळतो (नेहमी एक्सएल, का ते देव जाणे) आणि दुपारी गार झालेला पुलाव.

पहिल्या वर्षीची गोष्ट. पुण्यातलीच एक स्पर्धा, एफटीसीच्या (फर्स्ट टेक चॅलेंज, शाळकरी मुलांची रोबोट स्पर्धा) धर्तीवरची, म्हणजे मॅच सुरू होताना रोबोट १८ इंच लांब, १८ रुंद, १८ उंच अशा खोक्यात बसलाच पाहिजे, एकदा मॅच सुरू झाली की मग हातपाय पसरा काय पसरायचे ते. एका टीमचा रोबोट काही केल्या बसेना. हाताचं टोक ८ मिलिमीटर बाहेर. मुलं नववीतली, रडवेली झालेली, पहिली मॅच वीस मिनिटांवर आलेली, मागे कुणाचे तरी वडील उभे होते ते म्हणाले अहो सर जाऊ द्या ना, लहान मुलं आहेत, आठ एमएमने काय होतंय. मलाही वाटलं काय होतंय. टिक मारली आणि पुढचा नंबर घेतला.

दुपारी दुसऱ्या एका टीमची मुलगी आली. हातात अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीचा कापलेला तुकडा. भांडायला आली नव्हती, आवाज पण चढवला नाही, एवढंच विचारलं, "सर, त्यांचा बाहेर आलेला चालला ना? मग आम्ही आमचा उगाच कापला का?" झालं असं होतं की त्यांचाही रोबोट बाहेर येत होता, आदल्या रात्री घरी खोका करून मोजला तेव्हा त्यांना कळलं, मग सकाळी सातला येऊन हॅकसॉने हाताचं टोक उडवलं, त्यात गिअर हलला आणि पहिल्या दोन मॅचमध्ये हात वर उठलाच नाही. आणि पिट, म्हणजे टीमची रोबोटवर काम करायची जागा, नेमका त्या आठ एमएमवाल्यांच्या शेजारी.

मी काय उत्तर दिलं ते सांगण्यासारखं नाहीये. काहीतरी स्पिरिट, लर्निंग वगैरे पुटपुटलो.

पण तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालंय आणि ते इथे मांडतोय कारण दर सीझनला पालकांशी, सरांशी, कधी कधी आयोजकांशीही यावरून वाजतं. ‘जाऊ द्या’ म्हणणं म्हणजे दया नाही. दया माझ्या खिशातून गेली असती तर ती दया. मी तेव्हा दिलं ते त्या मुलीच्या खिशातलं काढून दिलं, आणि ती टेबलापाशी हजरच नव्हती म्हणून मला ते दिसलं नाही. टेबलासमोर जो उभा असतो त्याचा रडवेला चेहरा आपल्याला दिसतो, जो नियम पाळून गुपचूप पुढे गेलाय त्याचा चेहरा दिसत नाही, एवढाच काय तो फरक. आणि आपल्याकडे समोर दिसणाऱ्या चेहऱ्याला फार किंमत आहे, मग ती रेशनची रांग असो नाहीतर आरटीओ.

यावर लगेच एक उत्तर येतं, की अहो ही काय ऑलिम्पिक आहे का, मुलं शिकायला येतात, जिंकणं महत्त्वाचं नाही. ‘ग्रेशस प्रोफेशनॅलिझम’ हा शब्द तर या जगात इतका वापरला जातो की मुलं त्याला नुसतं जीपी म्हणतात. हा शब्द रूढ केला वुडी फ्लॉवर्स यांनी, एमआयटीतले मेकॅनिकल इंजिनिअरिंगचे प्रोफेसर, डीन केमन यांनी १९८९ साली अमेरिकेत फर्स्ट ही संस्था काढली त्यात ते पहिल्यापासून होते. १९९२ ला न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टरला एका शाळेच्या जिममध्ये २८ टीम घेऊन त्यांची पहिली स्पर्धा झाली. आता फ्लॉवर्स जे सांगायचे त्याचा अर्थ असा होता की जीव तोडून स्पर्धा करा, पण समोरच्याशी माणसासारखं वागा. दोन्ही एकदम. आपण त्यातला अर्धाच भाग उचललाय आणि तोही उलटा वापरतो, म्हणजे माझा रोबोट नियमात बसत नसेल तर तुम्ही जीपी दाखवा. एका कोचने मला हे शब्दशः सुनावलंय, की सर तुमच्यात ग्रेशसनेस नाही. मी म्हटलं नाहीये, पण माझ्याकडे मोजायची टेप आहे.

आता कडक म्हणजे काय तर खडूस नव्हे, हे मला पण उशिरा समजलं. वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाड, डब्ल्यूआरओ, जिची जागतिक फायनल २०१६ ला आपल्याकडे दिल्लीजवळ झाली होती, तिच्या नियमांत एक फार शहाणी सोय आहे. तिथे राउंडच्या आधी सगळे रोबोट एका जागी जमा करून घेतात, क्वारंटाइन म्हणतात त्याला, कोविडच्या आधीपासून म्हणतात, आणि परीक्षक तपासतात. रोबोट २५ सेंटिमीटरच्या मापाबाहेर असेल किंवा दुसरी काही चूक सापडली तर टीमला ३ मिनिटं मिळतात. तीन मिनिटांत दुरुस्त करा आणि या. नाही जमलं तर त्या राउंडला बाहेर. म्हणजे दया आहे पण ती नियमातच लिहून ठेवलीये, सगळ्यांना सारखी, घड्याळ लावून. परीक्षकाने कुणाच्या चेहऱ्याकडे बघायची गरजच नाही. आमच्या त्या स्पर्धेत असं काही लिहिलेलं नव्हतं म्हणून दया माझ्या मूडवर आली, आणि मूड सकाळी चांगला होता. दुपारी पुलावानंतर कुणी आलं असतं तर कदाचित नसता बसला रोबोट.

आता दुसरी बाजू, जिथे मी बऱ्याच कडक लोकांशी भांडतो. काही जणांना नियम मोडणं आणि नियमातली फट शोधणं यातला फरक कळत नाही. २००२ च्या फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनचं, म्हणजे फर्स्टच्या मोठ्या स्पर्धेचं, उदाहरण या वर्तुळात अजून निघतं. त्या वर्षी मैदानात तीन हलते गोल (बॉल टाकायचे, गोलपोस्टसारखे) होते, ते ओढून आपल्या झोनमध्ये न्यायचे. इंडियाना राज्यातल्या हॅमंडच्या टीमने काय केलं, तर असा रोबोट केला जो तिन्ही गोल पकडायचा, मग चाकांवर न राहता पायांवर उभा राहायचा आणि त्या पायांना खाली कानस साफ करायचे तारेचे ब्रश लावलेले. ते कार्पेटमध्ये असे रुतायचे की समोरच्यांनी काय वाट्टेल तेवढं ढकललं तरी गडी हलायचा नाही, आणि स्वतः मात्र इंच इंच सरकत घरी जायचा. जिंकले ते चॅम्पियनशिप. कार्पेटची काय अवस्था झाली असेल विचारू नका. पुढे मैदानाला घट्ट पकडून कार्पेट खराब करणाऱ्या गोष्टींवर नियम आले.

माझ्या मते हे सगळं बरोबर झालं. टीमचंही बरोबर आणि नंतर नियम बदलणाऱ्यांचंही बरोबर. जे पुस्तकात नव्हतं ते त्यांनी शोधलं, सगळ्यांसमोर केलं, काही लपवलं नाही. फट आवडली नाही तर पुढच्या वर्षी फट बुजवा, पण त्याच दिवशी मैदानावर रेफ्रीला वाटलं म्हणून ‘हे स्पिरिटमध्ये बसत नाही’ असं म्हणून बाहेर काढू नका. आपल्या लोकांना हे कळायला पाहिजे खरं तर, कारण आपण मंकडिंगवर ७०-७५ वर्षं हाच वाद घालत होतो. विनू मंकडने १९४७ ला सिडनीला बिल ब्राउनला नॉन स्ट्रायकर एंडला रनआउट केलं, नियमात बसत होतं, तरी बदनाम मंकडचं नाव झालं, क्रीझ सोडून आधीच पळणाऱ्या ब्राउनचं नाही. शेवटी २०२२ ला तो नियम ‘अनफेअर प्ले’च्या खात्यातून उचलून साध्या रनआउटच्या खात्यात टाकला. म्हणजे नियमात लिहिलंय ते चालतं एवढं कबूल करायला इतकी वर्षं लागली. स्पिरिटच्या नावाने दिलेला निर्णय नेहमी अशाच्या विरोधात जातो ज्याचं त्या घोळक्यात वजन कमी असतं, माझा अनुभव तरी हाच आहे.

आणि नियमच वाकडा असेल तर मुलं वाकडी वागणार, त्यात मुलांचा काय दोष. २०१० ला फर्स्टच्या त्याच मोठ्या स्पर्धेत फुटबॉलसारखा खेळ होता, तीन-तीन रोबोट दोन्ही बाजूंना. रँकिंगचं गणित असं केलेलं की हरणाऱ्याला जिंकणाऱ्याचा स्कोअर पॉइंट म्हणून मिळायचा, आणि जिंकणाऱ्याला स्वतःच्या स्कोअरवर हरणाऱ्याच्या गोलांचाही बोनस. हेतू चांगला होता, की समोरच्याला अगदी चिरडू नका. पण पोरं हुशार, त्यांनी हिशोब घातला की आपण हरणारच असू तर बचाव कशाला करायचा, समोरच्यासाठीच गोल मारूया ना. मग काही मॅचमध्ये सहाच्या सहा रोबोट एकाच गोलमध्ये बॉल ढकलतायत असं दृश्य. प्रेक्षकांत बसलेल्या आज्जीला काय कळणार! याला फिक्सिंग म्हणणारेही निघाले. माझ्या लेखी तो गणिताचा पेपर होता आणि मुलांनी तो सोडवला.

त्याहून वाईट असतात ते नियम जे तपासताच येत नाहीत. फर्स्टमध्ये बरीच वर्षं साधारण सहा आठवड्यांची मुदत असायची, त्यानंतर रोबोट मोठ्या प्लॅस्टिक पिशवीत घालून नंबरवालं सील लावायचं, फॉर्मवर सही करायची आणि स्पर्धेपर्यंत हात लावायचा नाही. बॅग अँड टॅग. सील घरी लावायचं, सही आपलीच. हेतू काय तर सगळ्यांना सारखा वेळ. झालं काय, तर ज्यांच्याकडे पैसे आणि जागा ते दोन रोबोट करायचे, एक पिशवीत आणि दुसरा प्रॅक्टिसला, त्यावर दोन महिने सराव करायचा, सुधारणा शोधायच्या आणि स्पर्धेत जाऊन पिशवीतल्यावर बसवायच्या. आणि हे सगळं नियमातच. ज्यांना एकच रोबोट परवडतो ते पिशवीकडे बघत बसायचे. म्हणजे सारखेपणासाठी केलेल्या नियमाचा भार पडला तो गरीब आणि प्रामाणिक टीमवरच. शेवटी २०२० च्या सीझनपासून तो काढूनच टाकला. बरं झालं. जो नियम मला टेबलावर तपासता येत नाही तो पुस्तकात कशाला, असं मी आमच्याकडच्या आयोजकांना दरवर्षी सांगतो आणि ते दरवर्षी मान डोलावतात.

आता खऱ्या दुखण्याकडे येतो. आठ एमएम, पाचशे ग्रॅम, एक मोटर जास्त, हे सगळं किरकोळ आहे हो. खरी फसवणूक टेपने मोजता येत नाही. रोबोट केला कुणी, हा प्रश्न आहे.

आपल्याकडे याची परंपरा जुनी आहे. विज्ञान प्रदर्शनातला ज्वालामुखी बाबांनी केलेला असतो, हस्तकलेची वही आईने, आणि इंजिनिअरिंगच्या फायनल इयरला मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलात तर रेडीमेड प्रोजेक्ट रिपोर्टसकट मिळतो हे कुणाला माहीत नाही. मग रोबोट तरी त्यातून कसा सुटणार. क्लासचे सर डिझाइन करतात, थ्रीडी प्रिंट काढतात, कोड लिहितात, मुलं तीन महिने रिमोट चालवायची प्रॅक्टिस करतात आणि जजसमोर बोलायचं भाषण पाठ करतात. फी पन्नास हजार, नाहीतर लाख. आणि पालकांना यात काही गैर वाटतच नाही, कारण ट्यूशन लावली तर मार्क येणार हे त्यांच्या डोक्यात बसलंय, इथे पण ट्यूशन लावलीये.

वेगवेगळ्या स्पर्धांनी याला वेगवेगळी उत्तरं दिलीयेत. फर्स्टच्या मोठ्या स्पर्धेत मेंटर मुलांबरोबर काम करू शकतो, त्यांचं म्हणणं असं की खऱ्या इंजिनिअरच्या शेजारी उभं राहिलं की मुलं शिकतात, मॅचला ड्राइव्ह कोच म्हणूनही मोठा माणूस उभा राहू शकतो. व्हेक्स या दुसऱ्या रोबोट स्पर्धेवाल्यांचं बरोबर उलटं, डिझाइन, जोडणी, कोड सगळं मुलांचं, मोठ्यांनी शिकवायचं पण हात लावायचा नाही, आणि मॅचच्या वेळी रोबोटपाशी फक्त मुलंच. रोबोकप ज्युनिअर या आणखी एका स्पर्धेत मुलं काम करतात त्या भागात मेंटरला प्रवेशच नाही. डब्ल्यूआरओत सकाळी एक सरप्राइज रूल जाहीर होतो, मैदानात काहीतरी बदलतं किंवा नवीन काम येतं, आणि ते मुलांनाच तिथल्या तिथे सोडवावं लागतं, शिवाय ऑनलाइन विकत मिळणाऱ्या सोल्युशनसारखंच सोल्युशन आणलं तर कारवाईचा नियम आहे. म्हणजे हे दुखणं काही फक्त आपलं नाही, जगभर आहे, नाहीतर एवढे नियम कशाला लिहिले असते.

मला स्वतःला व्हेक्सची बाजू जास्त पटते, निदान आपल्या देशासाठी. अमेरिकेत मेंटर हा बोइंग नाहीतर नासातून शनिवारी फुकट येणारा माणूस असतो, आपल्याकडे मेंटर हा बऱ्याचदा फी घेणारा क्लासवाला असतो आणि त्याच्या पुढच्या बॅचची जाहिरात तुमच्या मुलाच्या ट्रॉफीवर अवलंबून असते. दोघांना एकच नियम लावून कसं चालेल.

पण पकडायचं कसं? इथे मी एक चूक केलीये ती सांगतो. दोन वर्षांपूर्वी जजिंगला होतो, एका महागड्या शाळेची टीम आली, रोबोट असला देखणा, सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) कापलेल्या प्लेट, वायरिंग असं की मला घरी फ्रेम करून लावावंसं वाटलं. मी मनात ठरवूनच टाकलं की हे पोरांचं काम नाही. मग जरा खवचटपणेच विचारलं की हा स्प्रिंग इथे का आहे. एक काडीपैलवान मुलगा पुढे आला आणि बोलायला लागला तो थांबेचना, आधी इथे सर्व्हो (छोटी मोटर) होता, तो जळला, मग दुसरा जळला, मग बाबा म्हणाले तिसरा आणणार नाही, मग आम्ही मोजलं की हात खाली येताना किती लोड येतो, मग स्प्रिंग लावला, पहिला स्प्रिंग बॉलपेनमधला होता, हे बघा वहीत आहे. वहीत खरंच तो पेनाचा स्प्रिंग चिकटटेपने चिकटवलेला होता. मी मनातल्या मनात कान पकडले. त्याच दिवशी एक साधी टीम, पुठ्ठा आणि झिपटाय, मला वाटलं ही खरी पोरं, आणि त्यांना विचारलं की पीआयडीत (रोबोटची हालचाल ताब्यात ठेवायचं गणित) पी वाढवला तर काय होईल तर चौघांनी एकदम काचेबाहेर उभ्या असलेल्या सरांकडे पाहिलं.

म्हणून सांगतो, रोबोटच्या तोंडाकडे बघून निकाल देणं हा पण अन्यायच आहे. चांगला दिसतोय म्हणजे मोठ्यांनी केला, हा आरोप परदेशातही सर्रास होतो आणि मेहनती टीमना तो फार लागतो. केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅबमुळे आता सरकारी शाळेतही थ्रीडी प्रिंटर आहे, २०१६ पासून २० लाखांपर्यंतचं अनुदान देऊन अशा दहा हजार लॅब झाल्यात, तेव्हा चकचकीत पार्ट म्हणजे श्रीमंत, हे गणितही आता चालत नाही. विचारायला लागतं. वेळ काढून, मुलामुलाला वेगळं, फेल काय झालं ते विचारायचं. काय चाललं हे कुणीही पाठ करून सांगेल, काय जळलं हे पाठ करता येत नाही. पण त्याला प्रत्येक टीममागे वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि आपल्याकडे जजिंगला सात मिनिटं देतात, त्यातली तीन पाहुण्यांच्या सत्कारात जातात.

आणि सापडलं तर करायचं काय, यावर माझं आणि माझ्या मित्राचं कधी पटत नाही. तो म्हणतो सरळ बाद करा. मी म्हणतो शिक्षा पहिल्यांदा मोठ्याला करा. कोचला हॉलबाहेर काढा, त्याचं नाव पुढच्या वर्षी घेऊ नका, क्लासच्या टीमची नोंदणीच करू नका. मुलांना खेळू द्या, सगळ्या मॅच खेळू द्या, पण बक्षीस नाही आणि पुढच्या फेरीचं तिकीट नाही, कारण ते तिकीट दुसऱ्या कुणाचं तरी आहे. मित्र म्हणतो म्हणजे तू पण अर्धं ‘जाऊ द्या’च म्हणतोयस. असेल. पण चौदा वर्षांच्या मुलाने सरांना ‘नाही’ म्हणायचं, हे आपल्या घरात-शाळेत त्याला कुणी शिकवलंय का?

आता पारदर्शकतेचं. मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो फर्स्टने २०१२ ला केलेल्या एका गोष्टीचा. सेंट लुइसला चॅम्पियनशिपच्या अगदी शेवटच्या मैदानावर, आइनस्टाइन म्हणतात त्याला, रोबोट भर मॅचमध्ये बंद पडायला लागले. हजारो लोकांसमोर नुसते उभे. त्यांनी काय केलं, तर नंतर तपास केला, त्या बारा टीमना बोलावून घेतलं, आणि जो रिपोर्ट निघाला तो सगळ्यांसाठी खुला केला. त्यात लिहिलं की एक माणूस मोबाइलवरून रोबोटच्या वायफायला चुकीचा पासवर्ड देऊन जोडायचा प्रयत्न करत होता आणि त्याने रोबोटचं कनेक्शन तुटत होतं. पण तेवढ्यावर थांबले नाहीत, त्याच रिपोर्टमध्ये आपल्या सिस्टिममधली कमजोरी पण लिहिली, आणि काही रोबोट त्यांच्या स्वतःच्याच दोषांमुळे बंद पडले हे पण. एका माणसावर सगळं ढकलून मोकळं होणं किती सोपं होतं.

आपल्याकडे? एका स्पर्धेत संध्याकाळी पाचला लावलेली रँकिंगची यादी साडेपाचला काढली आणि सहाला दुसरी लावली, दोन नंबर बदललेले, का ते कुणी सांगितलं नाही. विचारायला गेलो तर सिस्टिम एरर. यजमान शाळेची टीम वर गेली होती. कदाचित खरंच एरर असेल, मी नाही म्हणत नाही, पण एका कागदावर चार ओळी लिहून चिकटवल्या असत्या तर निदान शंका तरी राहिली नसती. यजमान शाळेचेच शिक्षक स्कोअरिंगला बसवायचे नाहीत एवढं साधं तरी पाळा की.

तक्रार कुणी करायची यावर पण बोललं पाहिजे. फर्स्टच्या मोठ्या स्पर्धेत मैदानाच्या कडेला एक चौकोन आखलेला असतो, क्वेश्चन बॉक्स, निर्णयावर शंका असेल तर टीममधल्या एका शाळकरी मुलाने त्यात जाऊन उभं राहायचं आणि हेड रेफ्रीशी बोलायचं. मोठ्यांनी नाही. मला हा नियम जाम आवडतो. आमच्याकडे हेड रेफ्रीभोवती आठ पालक असतात, त्यातला एक वकील, एक नगरसेवकाचा माणूस, आणि ज्याच्या मॅचबद्दल चाललंय ते पोरगं लांब कुठेतरी फ्रूटी पीत उभं असतं.

आणि व्हिडिओ. पालक मोबाइल नाचवत येतात, सर बघा, फोर के मध्ये आहे. फर्स्ट आणि व्हेक्स दोन्हीकडे रेफ्री टीमचा व्हिडिओ बघत नाही. सुरुवातीला मला हा हट्टीपणा वाटायचा, क्रिकेटमध्ये डीआरएस आहे मग इथे का नको. मग एकदा लक्षात आलं की व्हिडिओ कुणाकडे असतो, ज्यांचे पाच पालक सुट्टी काढून आलेत त्यांच्याकडे. जी टीम एका शिक्षिकेबरोबर एसटीने आलीये त्यांच्याकडे कॅमेरा धरायला माणूस नाही. सगळ्या मैदानांवर आयोजकांचा एकसारखा कॅमेरा असेल तर बघू, तोपर्यंत मोबाइल खिशात.

रेफ्री चुकतो का, तर चुकतो. मी पण चुकलोय, वर लिहिलंच आहे. व्हॉलंटियर असतात सगळे, सकाळी सहापासून उभे, दिवसाला पन्नास-साठ मॅच. पण चुकणं वेगळं आणि चेहरा बघून ठरवणं वेगळं. चुकलं तर मुलं समजून घेतात, खरंच घेतात, मोठ्यांपेक्षा लवकर घेतात. २००८ ला एबीयू रोबोकॉन ही कॉलेजांची आंतरराष्ट्रीय रोबोट स्पर्धा पुण्यात बालेवाडीला झाली होती, दहीहंडीची थीम, मी तेव्हा कॉलेजात होतो, पब्लिकमध्ये घसा बसेपर्यंत ओरडत होतो. आमच्यात पण कुणी ना कुणी दर निर्णयाला ‘चीटिंग चीटिंग’ म्हणत होतंच. खाली पिटमध्ये मात्र ज्यांचा रोबोट बंद पडला होता ती मुलं मान खाली घालून कनेक्टर तपासत होती.

ती मुलगी मला परत भेटली नाही. आता इंजिनिअरिंगला वगैरे असेल. पण तिचा प्रश्न डोक्यात बसलाय, म्हणून यंदाच्या सीझनला मी आयोजकांकडून एक गोष्ट लिहून घेतलीये, इन्स्पेक्शनला नापास झालेल्या प्रत्येक टीमला दहा मिनिटं, सगळ्यांना तेवढीच, टेबलावर घड्याळ लावून, आणि वेळ संपली की पुढची मॅच गेली. खोक्याच्या शेजारी मी हॅकसॉ, कानस, अ‍ॅलन की चा सेट आणि झिपटायचं पाकीट ठेवणार आहे. हॅकसॉची ब्लेड नवीन आणलीत, २४ टीपीआयची (इंचाला चोवीस दात), अ‍ॅल्युमिनियमची पातळ पट्टी बरी कापते त्याने. सेफ्टी गॉगल मात्र ज्याचे त्याने आणायचे.